वृक्कजन्य उच्च रक्तदाब आणि किरणोत्सारी वृक्कचित्रण

उच्च रक्तदाब हा बैठ्या शहरी जीवनाचा विकार आहे, ही समजूत आता मागे पडली आहे. मेळघाटासारख्या डोंगराळ भागातही रक्तदाबमापकाचा पट्टा दंडाला गुंडाळला की वाढलेले आकडे दिसतात. चिखलदरा आणि धारणी या दोन तालुक्यांत हा पट्टा पहिल्यांदा गुंडाळणारा हात बहुधा आपल्याच पदवीधराचा असतो. नवसंजीवन योजनेतील भरारी पथके, आरोग्य उपकेंद्रे, परतवाडा-अचलपूरचे खासगी दवाखाने, सर्वत्र बीएएमएस वैद्य काम करीत आहेत. वृक्काशी निगडित उच्च रक्तदाब आणि त्यासाठी केले जाणारे किरणोत्सारी चित्रण हा विषय म्हणूनच केवळ मोठ्या शहरातील तज्ज्ञांचा आहे असे आम्ही मानत नाही. चित्रण नागपूर, पुणे वा मुंबईत होईल, परंतु ते कोणाचे करावे आणि रुग्णाने तेथे कोणत्या तयारीने जावे हे बहुतांशी पायथ्याशी ठरते. तयारी चुकली तर दोनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास, मजुरीचे बुडालेले दिवस आणि खर्च करूनही हाती निरुपयोगी चित्र येते. त्याहून वाईट म्हणजे कधी कधी चुकीचे उत्तर येते.

बहुसंख्य रुग्णांत उच्च रक्तदाबाला एक असे बोट ठेवण्याजोगे कारण सापडत नाही. थोड्या रुग्णांत मात्र कारण वृक्कात असते आणि त्याचे दोन प्रकार नीट वेगळे करावे लागतात. एकात वृक्काचा गरच बिघडलेला असतो. जुना शोथ, मधुमेह, बालपणातील मूत्रमार्गसंसर्गाचे व्रण ही त्याची कारणे होत. दुसऱ्यात वृक्क मुळात धड असते, परंतु त्याला रक्त पुरवणारी धमनी अरुंद झालेली असते. हा दुसरा प्रकार, म्हणजे वृक्कधमनीजन्य उच्च रक्तदाब, सर्वसाधारण रुग्णांत शंभरांत एक ते पाच इतकाच आढळतो. तरीही त्याचे महत्त्व आकड्यापेक्षा मोठे आहे, कारण तरुण रुग्णात धमनी रुंद केल्यास रक्तदाबाची औषधे कमी होतात आणि क्वचित पूर्णपणे सुटतातही.

आपल्या संहितांत वृक्काचे स्थान काय, हा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील पाचव्या अध्यायात वृक्क हे मेदोवह स्रोतसांचे मूळ म्हणून सांगितले आहे. मूत्रवह स्रोतसांचे मूळ बस्ती व वंक्षण असे दिले आहे. उच्च रक्तदाबाला संहितांत स्वतंत्र नाव नाही. त्याचा विचार कोणी रक्तगत वाताच्या, कोणी व्यानाच्या वैगुण्याच्या अंगाने करतात. या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. धमनी अरुंद असेल तर ती स्रोतोरोधाची ढोबळ, डोळ्यांनी दिसणारी अवस्था आहे आणि तिचा शोध घेणे कोणत्याही शास्त्राच्या वैद्याचे कामच आहे, एवढे म्हणणे पुरेसे आहे.

वृक्क रक्तदाब कसा वाढवते

१८९८ साली स्टॉकहोम येथे टिगरस्टेट व बर्गमन यांनी सशाच्या वृक्काचा अर्क दुसऱ्या सशाच्या शिरेत दिला असता रक्तदाब वाढतो असे दाखविले. अर्कातील त्या द्रव्याला त्यांनी रेनिन हे नाव दिले. पुढे सुमारे तीन तपे हा शोध जवळजवळ विस्मृतीत गेला होता. १९३४ साली अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या वृक्कधमनीला चिमटा लावून ती अरुंद केली आणि रक्तदाब चढून तसाच राहतो हे सिद्ध केले. तेव्हापासून वृक्कधमनी व रक्तदाब यांचे नाते शास्त्रात पक्के झाले.

यामागील कार्यकारणभाव समजून घेतला तर पुढील सारी तपासणी सोपी होते. धमनी अरुंद झाली की वृक्कात पोहोचणाऱ्या रक्ताचा दाब उतरतो. साऱ्या शरीरातच रक्त कमी पडले आहे असे समजून वृक्क रेनिन सोडते. रेनिनपासून टप्प्याटप्प्याने अँजिओटेन्सिन-दोन हे द्रव्य बनते. त्यातील महत्त्वाचा टप्पा घडवून आणणाऱ्या विकराला एसीई म्हणतात. अँजिओटेन्सिन-दोन सर्व शरीरातील रक्तवाहिन्या आकसते आणि अल्डोस्टेरॉनच्या द्वारे मीठ व पाणी धरून ठेवते. रक्तदाब चढतो तो यामुळे.

याच द्रव्याचे दुसरे एक काम आहे आणि आपल्या तपासणीचा सारा आधार त्या कामावर आहे. वृक्कातील प्रत्येक गाळणीला रक्त आणणारी एक सूक्ष्म नळी असते व रक्त नेणारी दुसरी असते. अँजिओटेन्सिन-दोन मुख्यतः नेणारी नळी आकसते. शेताच्या पाटात पाणी कमी येत असेल तर शेतकरी बाहेर जाणारे तोंड मातीने अर्धवट बुजवतो आणि वाफ्यातील पातळी टिकवतो. तसेच हे आहे. येणारे रक्त कमी असूनही गाळणीतील दाब टिकतो व मूत्र गाळले जाते. त्यामुळे धमनी अरुंद असलेले वृक्क साध्या तपासणीत बऱ्याचदा निरोगीच भासते. ते आपली उणीव झाकून घेत असते.

सर्पविषातून आलेले औषध आणि झाकलेली उणीव

आता त्या शेतकऱ्याने लावलेली माती कोणी काढून घेतली तर काय होईल? वाफ्यातील पाणी झपाट्याने उतरेल. कॅप्टोप्रिल हे औषध नेमके हेच करते. ते एसीई विकर अडवते, अँजिओटेन्सिन-दोन घटते, नेणारी नळी सैल पडते आणि अरुंद धमनीच्या बाजूची गाळण एकाएकी कमी होते. दुसऱ्या, निरोगी बाजूला मात्र असे काही घडत नाही. औषधापूर्वीचे आणि औषधानंतरचे चित्र शेजारी ठेवले की झाकलेली उणीव उघडी पडते. कॅप्टोप्रिल रेनोग्राम म्हणतात तो हाच.

अगदतंत्राच्या अभ्यासकांना या औषधाचा उगम रोचक वाटेल. ब्राझीलमधील जराराका या विषारी सर्पाच्या विषावर सर्जिओ फरेरा यांनी १९६० च्या दशकात काम केले. त्या विषातील घटक एसीई विकर अडवतात हे पुढे उलगडले. त्या धाग्यावरून स्क्विब कंपनीच्या प्रयोगशाळेत कुशमन व ऑन्डेट्टी यांनी कॅप्टोप्रिल घडविले आणि १९८१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. विषाचे औषध होते हे आपल्याला नवे नाही. येथे तर ते रोगाचा माग काढण्याचेही साधन झाले.

चित्रण होते कसे

क्ष-किरण किंवा सोनोग्राफीत बाहेरून काही लहरी शरीरात सोडल्या जातात. न्यूक्लिअर मेडिसिन विभागात याच्या उलट घडते. अत्यल्प किरणोत्सारी द्रव्य शिरेतून दिले जाते, ते वृक्कात पोहोचते आणि तेथून निघणारे गॅमा किरण बाहेरचा कॅमेरा टिपतो. असा गॅमा कॅमेरा हॅल अँगर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात तयार केला. त्याआधीच, १९५६ साली, टॅपलिन, विंटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कमरेच्या दोन्ही बाजूंना मोजयंत्रे लावून पहिले रेनोग्राम काढले होते. तेव्हा चित्र मिळत नसे. कागदावर फक्त चढणारी-उतरणारी रेघ उमटे. ती रेघ आजही या तपासणीचा आत्मा आहे.

वापरले जाणारे मूलद्रव्य म्हणजे टेक्नेशियम-९९एम. त्याचा अर्धायुकाल सहा तास असतो. सकाळी दिलेले द्रव्य दुसऱ्या सकाळपर्यंत केवळ क्षयानेच सोळाव्या भागावर येते, शिवाय बरेचसे मूत्रावाटे आधीच निघून गेलेले असते. इतके अल्पायुषी द्रव्य साठवून ठेवता येत नाही. म्हणून रुग्णालयात मोलिब्डेनम-९९ भरलेले जनित्र आणतात. मोलिब्डेनमचा अर्धायुकाल सुमारे ६६ तास असल्याने जनित्र साधारण आठवडाभर चालते आणि त्यातून रोज टेक्नेशियम काढून घेता येते. विभागातील मंडळी या क्रियेला दूध काढणे म्हणतात, आणि पहिल्या धारेपेक्षा आठवड्याअखेरची धार पातळ असते हेही खरेच! आपल्या देशात अशी जनित्रे व त्यासोबतचे औषधी संच वाशी येथील विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाकडून, म्हणजे ब्रिटकडून, पुरविले जातात. परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून या शास्त्राचे माहेरघर राहिले आहे. असा विभाग चालविण्यास अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. डोंगरावरील ग्रामीण रुग्णालयात ही तपासणी का होऊ शकत नाही, हे यावरून लक्षात येईल.

टेक्नेशियम एकटे वृक्कात जात नाही, त्याला वाहक लागतो. डीटीपीए हा वाहक गाळणीतून गाळला जातो, म्हणून तो गाळण दाखवितो. मॅग-थ्री व ईसी हे वाहक गाळणीपेक्षा मुख्यतः वृक्कनलिकांच्या स्रवणातून बाहेर पडतात. भारतात ईसीचा वापर बराच आहे. हा भेद अहवाल वाचताना उपयोगी पडतो. कॅप्टोप्रिलनंतर रोगी बाजूला डीटीपीएचा शिरकावच घटतो. मॅग-थ्री किंवा ईसी मात्र वृक्कात शिरते, पण मूत्राचा ओघ मंदावल्याने तेथेच रेंगाळते. तिसरा वाहक डीएमएसए. तो वृक्काच्या बाह्य गरात चिकटून राहतो. त्यामुळे सुईनंतर दोन ते चार तासांनी स्थिर चित्र घेतात व त्यात व्रण खाचांसारखे दिसतात.

रुग्णाला टेबलावर निजवून पाठीच्या बाजूने कॅमेरा लावतात, शिरेतून द्रव्य देतात आणि वीस ते तीस मिनिटे चित्रे घेतात. सुई टोचण्यापलीकडे वेदना नाही. प्रत्येक वृक्काची एक रेघ मिळते. ती प्रथम झटकन चढते, मग तीन ते पाच मिनिटांच्या सुमारास शिखर गाठते आणि त्यानंतर उतरत जाते. दोन्ही वृक्कांचा कामातील वाटा शेकड्याने सांगितला जातो. निरोगी माणसात तो साधारण ४५ ते ५५ च्या दरम्यान असतो.

अहवालात तीन प्रकारची भाषा आढळते. कॅप्टोप्रिलनंतरचे चित्र सर्वस्वी प्राकृत असेल तर धमनीजन्य रक्तदाबाची शक्यता कमी, शंभरांत दहाहूनही कमी धरतात. मूळच्या चित्राच्या तुलनेत औषधानंतर एका बाजूचा वाटा ठळकपणे घसरला, शिखर दोन मिनिटे वा अधिक लांबले किंवा द्रव्य वृक्कात साचून राहिले, तर शक्यता दाट म्हणतात. तिसरा प्रकार मधला. वृक्क मुळातच लहान व दुबळे असते आणि औषधापूर्वी व नंतर त्यात काही फरक पडत नाही. या मधल्या उत्तराने वैद्य व रुग्ण दोघेही निराश होतात. पण ते तपासणीचे अपयश नव्हे. त्या वृक्कात बदलण्याजोगे फारसे उरलेले नाही, इतके ते सांगत असते.

उपाशीपोटी म्हणजे निर्जळी नव्हे

आता आपल्या वाट्याच्या कामाकडे वळू. आमच्या मते या साऱ्या प्रकरणात सर्वाधिक घोटाळा एका शब्दाने होतो. तो शब्द उपाशीपोटी. कॅप्टोप्रिलची २५ ते ५० मिलिग्रॅमची गोळी तोंडाने देतात आणि तासाभराने चित्रण करतात. गोळीचे शोषण नीट व्हावे म्हणून आधी चार तास घन आहार वर्ज्य असतो. परंतु आपल्याकडे तपासणीसाठी उपाशी या म्हणजे पाण्याचा थेंबही घेऊ नका, असाच अर्थ रुग्ण घेतो. काटकुंभ किंवा हतरूकडचा रुग्ण आदल्या दिवशी घरून निघतो, घाट उतरून परतवाड्याला येतो, रात्रीचा प्रवास करतो, वाटेत लघवीला कोठे थांबणार या विचाराने पाणी टाळतो आणि सकाळी कोरड्या जिभेने टेबलावर निजतो. अशा कोरड्या शरीरात दोन्ही वृक्के मूत्र आखडून धरतात. द्रव्य दोन्हीकडे रेंगाळते, चित्र संशयास्पद भासते आणि त्यावर कॅप्टोप्रिल पडले की रक्तदाब धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकतो. या तपासणीत पाणी वर्ज्य नाही, आवश्यक आहे. चित्रणापूर्वी अर्धा ते एक तास दर किलो वजनामागे सुमारे सात मिलिलिटर पाणी पाजतात. पन्नास किलोच्या रुग्णाला ते साडेतीनशे मिलिलिटर होते. प्रवासातही पाणी पीत राहावे आणि टेबलावर जाण्यापूर्वी लघवी करून यावे, हे चिठ्ठीवर तर लिहावेच, पण रुग्ण कोरकू बोलणारा असेल तर आशा कार्यकर्तीच्या मदतीने त्याच्या भाषेत सांगून घ्यावे.

दुसरी बाब औषधांची. रुग्ण आधीपासूनच एसीईरोधक घेत असेल तर तपासणीतील कॅप्टोप्रिल नवे काय दाखविणार? म्हणून कॅप्टोप्रिल सुमारे तीन दिवस आणि एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, रॅमिप्रिल यांसारखी दीर्घकाळ टिकणारी औषधे पाच ते सात दिवस आधी थांबवतात. लोसार्टन, टेल्मिसार्टन या गटालाही हेच लागू आहे. मूत्रल औषधेही काही दिवस आधी बंद करणे इष्ट असते. अॅम्लोडिपिनच्या गटातील औषधांमुळे कधी कधी दोन्ही बाजूंना सारखाच खोटा दोष दिसतो, म्हणून विभाग त्याबद्दलही विचारतो. परंतु ही औषधे वैद्याने आपल्या मनाने बंद करू नयेत. तीव्र रक्तदाब, हृदयविकार वा पक्षाघात झालेल्या रुग्णात आठवडाभर औषध थांबविणे जिवावर बेतू शकते. काय थांबवायचे, कधी आणि त्याऐवजी काय द्यायचे हे पाठविणाऱ्या तज्ज्ञाशी दूरध्वनीवर ठरवावे आणि त्या दिवसांत रक्तदाब रोज मोजावा. थांबविणे शक्यच नसेल तर तसे चिठ्ठीत लिहावे. तपासणीची संवेदनशीलता थोडी उतरते, पण ती व्यर्थ जात नाही.

तिसरी बाब आपल्याच पेटीतील आहे. रुग्ण ती नागपूरला सांगत नाही आणि तेथे कोणी विचारतही नाही. पुनर्नवा, गोक्षुर यांसारखी मूत्रल द्रव्ये चालू असतील तर त्यांचा उल्लेख चिठ्ठीत असावा. सर्पगंधेचा उल्लेख अवश्य असावा. तिच्या रक्तदाबघ्न गुणाकडे जगाचे लक्ष वेधणारा शोधनिबंध मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली प्रसिद्ध केला होता आणि तिच्यातील रेसर्पिन पुढे जगभर वापरले गेले. इतके प्रभावी द्रव्य लपून राहणे बरे नव्हे. सर्वांत दुर्लक्षित द्रव्य मात्र यष्टिमधु. दीर्घकाळ व मोठ्या मात्रेत घेतलेले ज्येष्ठमध शरीरात मीठ धरून ठेवते, पोटॅशियम घटवते, रक्तदाब वाढवते आणि रेनिन दाबून टाकते. कोरड्या खोकल्यासाठी वा अम्लपित्तासाठी महिनोन्महिने ज्येष्ठमध चघळणाऱ्या रुग्णात रक्तदाबाचे कारण वृक्कधमनीत शोधण्यापूर्वी ते बंद करून पाहावे. कित्येकदा लांबचा प्रवास तेवढ्यानेच टळेल. रसकल्प व भस्मे चालू असल्यास त्यांचीही नोंद द्यावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

एकाच दिवसात तपासणी होऊ शकेल का, हेही आधी विचारून घ्यावे. अनेक ठिकाणी कॅप्टोप्रिलनंतरचे चित्रण प्रथम करतात. ते प्राकृत आले तर मूळच्या चित्राची गरजच उरत नाही. सदोष आले तरच दुसरे चित्रण करतात. मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबासाठी हा फरक एका फेरीचा असतो. खर्चाबाबत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. रुग्णासोबत क्रिएटिनिनचा ताजा अहवाल व सोनोग्राफी असावी. स्त्री गरोदर नाही याची खात्री केलेली असावी. स्तनपान चालू असल्यास विभागाला आधी सांगावे.

कोणाला पाठवावे

येथे वैद्याची निरीक्षणशक्ती यंत्रापेक्षा मोलाची ठरते. तिशीच्या आत, घराण्यात कोणाला नसताना रक्तदाब वाढला. पंचावन्नीनंतर तो अचानक उफाळला. मूत्रलासह तीन औषधे पुरेशा मात्रेत देऊनही उतरेना. एसीईरोधक सुरू केल्यावर क्रिएटिनिन एकदम वाढले. वारंवार अचानक फुप्फुसात पाणी साचून दम लागला. सोनोग्राफीत एक वृक्क दुसऱ्यापेक्षा दीड सेंटिमीटरहून अधिक लहान दिसले. नाभीच्या वर बाजूला श्रवणनलिका ठेवली असता फुंकर घातल्यासारखा ध्वनी ऐकू आला. यांपैकी काही आढळले तरच पुढचा विचार करावा. साध्या, दोन गोळ्यांनी आटोक्यात असलेल्या पन्नाशीतील रुग्णाला हौसेने पाठवू नये.

भारतीय तरुणांत, विशेषतः तरुण स्त्रियांत, वृक्कधमनी अरुंद होण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे ताकायासु यांचा धमनीशोथ. जपानी नेत्रवैद्य मिकितो ताकायासु यांनी १९०८ साली त्यातील डोळ्यांच्या खुणा वर्णिल्या. या रोगात महाधमनी व तिच्या शाखा शोथाने जाड होतात. दंडाच्या धमन्या अरुंद झाल्या तर मनगटाची नाडी हरवते. आपल्या नाडीपरीक्षेत पुरुषाची उजवी व स्त्रीची डावी नाडी पाहण्याचा प्रघात आहे. आमचे आग्रहाचे सांगणे आहे की तरुण रुग्णात दोन्ही हातांच्या, तसेच दोन्ही पायांच्या नाड्या पाहाव्यात आणि रक्तदाब दोन्ही दंडांवर मोजावा. एका हाताची नाडी क्षीण असेल तर त्या हातावरचा रक्तदाब खोटा, कमी दिसतो. समजा, बावीस वर्षांची एक स्त्री डोकेदुखीची तक्रार घेऊन आली. डाव्या दंडावर ११०, उजव्यावर १९० असा वरचा आकडा असेल आणि वैद्याने प्रघातानुसार डावाच हात पाहिला, तर तिला वातज शिरःशूलाची औषधे मिळतील आणि रोग तसाच वाढत राहील. ज्या शास्त्रात बोटांना नाडीची सवय लागलेली असते, त्या शास्त्राच्या पदवीधराकडून हे निदान निसटू नये. अशा रुग्णात चारही नाड्यांची नोंद कोणत्याही स्कॅनइतकी मोलाची आहे.

या तपासणीची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. १९९० च्या दशकात कॅप्टोप्रिल रेनोग्रामचा मोठा बोलबाला होता. निवडक रुग्णांत व वृक्ककार्य प्राकृत असताना तिची अचूकता नव्वद टक्क्यांच्या आसपास सांगितली जाई. परंतु क्रिएटिनिन वाढलेले असेल, दोन्ही धमन्या अरुंद असतील किंवा एकच वृक्क असेल तर उत्तरे संदिग्ध येतात. २००५ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी ती चाळणी तपासणी म्हणून वापरू नये असे सांगितले. आज धमनीचे अरुंदपण शोधण्यासाठी प्रथम डॉपलर सोनोग्राफी, सीटी अँजिओग्राफी किंवा एमआर अँजिओग्राफी करतात. दर्यापूर, अंजनगाव, अकोट या बाजूच्या खारपाणपट्ट्यात किडनीविकाराची चर्चा वर्षानुवर्षे होत आली आहे. तेथून क्रिएटिनिन आधीच वाढलेला रुग्ण आला तर त्याला रेनोग्रामसाठी नव्हे, वृक्कतज्ज्ञाकडे पाठवावे.

तरीही ही तपासणी बाद झाली असे आम्ही म्हणणार नाही. अँजिओग्राफी अरुंदपण दाखविते. त्या अरुंदपणाने वृक्काच्या कामात काय फरक पडतो हे ती दाखवीत नाही. आणि सापडलेले प्रत्येक अरुंदपण दुरुस्त करावे असेही नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अॅस्ट्रल अभ्यासात ८०६ रुग्ण होते. वयपरत्वे चरबीच्या थरांनी अरुंद झालेल्या धमन्यांत जाळी बसविल्याने औषधोपचारापेक्षा वेगळा लाभ झाला नाही. २०१४ च्या कोरल अभ्यासानेही तेच दाखविले. तरुणांतील तंतुस्नायूविकृती व ताकायासु यांची गोष्ट वेगळी आहे. तेथे फुग्याने धमनी रुंद करणे पुष्कळदा लाभदायक ठरते. ताकायासुमध्ये शोथ शमल्यावरच ते करतात. कोणत्या वृक्कात वाचविण्याजोगे कार्य उरले आहे, हे ठरविताना स्कॅनमधील दोन्ही बाजूंचा वाटा आजही शल्यतज्ज्ञ पाहतात.

डीएमएसए स्कॅनचे महत्त्व तर मुळीच कमी झालेले नाही, आणि त्याचा संबंध मुलांशी आहे. ज्वर व मूत्रकृच्छ्र घेऊन वारंवार येणाऱ्या लहान मुलात मूत्र उलटे वृक्काकडे चढत असू शकते. त्यातून व्रण राहतात आणि दहा-पंधरा वर्षांनी त्याच व्रणांपोटी उच्च रक्तदाब उभा राहतो. संसर्ग ओसरल्यावर चार ते सहा महिन्यांनी केलेला डीएमएसए स्कॅन असे कायमचे व्रण दाखवितो. एक वृक्क व्रणांनी आक्रसून जवळजवळ निष्क्रिय झालेले असेल व दुसरे उत्तम असेल, तर निकामी वृक्क काढल्याने काही रुग्णांचा रक्तदाब उतरतो. मुलाच्या ज्वराची प्रत्येक खेप नुसत्या काढ्यावर न भागवता मूत्राची तपासणी करून तिची नोंद ठेवावी, ती याचसाठी.

किरणोत्सार या शब्दाची भीती रुग्णापेक्षा नातेवाइकांना अधिक असते. रेनोग्राममध्ये शरीराला मिळणारी मात्रा साधारण एक ते दोन मिलिसिव्हर्ट असते. जमीन, आकाश व अन्न यांतून माणसाला जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट नैसर्गिक किरणोत्सार मिळतच असतो. पोटाच्या सीटी स्कॅनची मात्रा रेनोग्रामच्या कितीतरी पट असते. तपासणीनंतर त्या दिवशी भरपूर पाणी पिणे, वारंवार लघवी करणे, शौचालयात पुरेसे पाणी ओतणे आणि हात धुणे एवढे पथ्य पुरते. काही तास तान्ह्या मुलाला व गरोदर स्त्रीला जवळ घेऊन बसू नये.

रुग्ण परत आल्यावर थांबविलेली औषधे कोणत्या दिवशी सुरू करावयाची हे अहवालासोबत लेखी आले आहे ना, हे प्रथम पाहावे. पुष्कळदा ते लिहायचे राहून जाते आणि रुग्ण महिनाभर औषधावाचून राहतो. दोन्ही धमन्या अरुंद असल्याचे निदान झाले असेल तर एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टनच्या गटातील औषध तज्ज्ञाला विचारल्याखेरीज पुन्हा देऊ नये, कारण अशा रुग्णात वृक्ककार्य काही दिवसांत ढासळू शकते. हे औषध सुरू केल्यास एक ते दोन आठवड्यांत क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासावे. धमनी रुंद करून आलेल्या तरुण रुग्णात ती पुन्हा आकसण्याचा संभव असतो. म्हणून पहिले वर्षभर तरी दर महिन्याला रक्तदाब मोजावा. ताकायासुच्या रुग्णात तो दरवेळी त्याच हातावर मोजावा आणि तो हात कोणता हे रुग्णपत्रिकेवर ठळक अक्षरांत लिहून ठेवावे.